हाडकीवरचा कारखाना : नाशिकजवळच्या एका चरबी कारखान्याचं प्रकरण

आधी थोडं सांगतो

हे प्रकरण नाशिकच्या पूर्वेकडच्या भागातलं आहे, एका चरबी कारखान्याचा वास आणि त्यावरून जवळच्या फ्लॅटच्या सोसायटीशी झालेलं भांडण. कारखान्याचं, गावाचं, सोसायटीचं, कुणा माणसाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल अशा खुणाही काढून टाकल्यात, कारण यातले बरेच जण आजही एकमेकांना रोज रस्त्यावर भेटतात. मी केमिकल इंजिनियर, नोकरी सगळी बॉयलर आणि वाफेच्या कामात झाली. मला यात सोसायटीवाल्यांनी बोलावलं, म्हणजे मी गेलो तेव्हा एका बाजूचा माणूस होतो, मधला नंतर झालो. जे लिहितोय ते माझ्या वहीवरून, मीटिंगांच्या नोंदींवरून आणि कारखान्यातल्या जुन्या कामगारांशी झालेल्या बोलण्यावरून.

पार्श्वभूमी

कागदावर कारखान्याचं नाव वेगळं आहे पण आजूबाजूला सगळे चरबी कारखानाच म्हणतात, वयस्कर लोक हाडाचा कारखाना म्हणतात. या धंद्याला रेंडरिंग म्हणतात. काम असं की मेलेली गाय-म्हैस, खाटकाकडची हाडं-चरबी, चिकनच्या दुकानातली आतडी आणि पिसं हे सगळं आणायचं, क्रशरमध्ये बारीक करायचं आणि वाफेचं जाकीट असलेल्या मोठ्या कुकरमध्ये दोन-तीन तास शिजवायचं. कच्च्या मालात साधारण ६० टक्के पाणीच असतं, ते वाफ होऊन निघून जातं, चरबी वितळून वेगळी होते आणि उरलेला चोथा प्रेसमध्ये दाबून दळला की झालं मीट-बोन मील. चरबी साबणाला, हाडाचा चुरा खताला, मील कोंबडीच्या आणि माशांच्या खाद्याला. गाई-म्हशींना मात्र हे द्यायचं नाही. ब्रिटनमध्ये मॅड काऊ रोग १९८६ ला ओळखला गेला तो याच वाटेने पसरला होता, मेलेल्या जनावराचं मील परत जनावरालाच खाऊ घालून, म्हणून १९८८ ला तिथे बंदी आली. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून बाकीच्या दूध-मांसाच्या जनावरांसाठी असं खाद्य बंद करायला सांगितलं.

आता जागेबद्दल, कारण जागेचा इतिहास कळल्याशिवाय भांडण कळत नाही. कारखाना ज्या खोलगट जमिनीवर आहे तिला गावात अजूनही हाडकी म्हणतात. जुन्या वतनाच्या कागदांत हाडकी-हाडोळा हा शब्द येतो तो गावकामाच्या बदल्यात महारांना मिळालेल्या जमिनीसाठी, आणि गावची मेलेली ढोरं टाकायच्या जागेलाही लोक तेच म्हणत. ढोर मेलं की ओढून न्यायचं हे काम त्यांच्यावर जन्माने टाकलेलं होतं, नको म्हणायची सोय नव्हती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं, ढोरं ओढायचं काम टाकून द्यायची चळवळ त्यानंतर गावोगाव गेली, ज्या नाशिकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या नाशिकच्या खेड्यांत ती पोचली नसती तरच नवल. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनंच गेली. गावाला प्रश्न पडला, आता ढोर उचलणार कोण? आमच्या भागातले म्हातारे सांगतात की त्याच रिकाम्या जागेत एक व्यापारी आला, आधी नुसती हाडं गोळा करून बाहेर पाठवायचा, नंतर त्याने एक कुकर टाकला. कामाला जे लागले त्यातले बरेच त्याच वस्तीतले होते. फरक एवढाच आणि तो मोठा, की आता गाव हुकूम सोडत नव्हतं, महिन्याचा पगार होता आणि नको वाटलं तर सोडून जाता येत होतं. ज्यांना जमलं ते गेलेही, त्यांची मुलं आज शिक्षक आहेत, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात आहेत, एक पोरगी नर्स आहे.

दुसरी गोष्ट गिधाडांची. कारखान्यात सगळ्यात जुने एक मामा होते, ते सांगायचे की त्यांच्या लहानपणी हाडकीवर ढोर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा आणि तासाभरात नुसता सांगाडा उरायचा, त्याला वासच नसायचा. नव्वदच्या दशकात गिधाडं भराभर संपली. कारण २००४ ला कळलं, जनावरांना देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध, ते मेलेल्या जनावरात राहतं आणि खाणाऱ्या गिधाडाची किडनी बंद पडते. २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली पण तोवर नाशिक जिल्ह्यात गिधाडं म्हटलं की अंजनेरी आणि हरसूलकडचा भागच उरला होता. म्हणजे ज्या काळात शहर वाढत होतं त्याच काळात फुकटात साफसफाई करणारे गेले आणि सगळा भार या एका कुकरवर आला.

तिसरी गोष्ट द्राक्षं. हाडाचा चुरा द्राक्षबागायतदार नेतात, नवीन बागेच्या चारीत टाकायला आणि खरड छाटणीच्या वेळी. (आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी अल्कलीकडे झुकलेली असते, तिच्यात या चुऱ्यातला स्फुरद म्हणजे फॉस्फरस झाडाला फार हळू मिळतो, हे मी बऱ्याच बागायतदारांना सांगितलंय, तरी सवय आहे.) म्हणजे वासाची कंप्लेंट करणाऱ्यांत कारखान्याचं गिऱ्हाईकही होतं.

नाशिक महापालिका १९८२ ला झाली तेव्हा कारखाना आधीच चालू होता आणि आजूबाजूला शेती होती. मग रस्ता झाला, प्लॉट पडले, रो-हाऊस आले, शेवटी लिफ्टवाल्या बिल्डिंगा आल्या. फ्लॅट बघायला लोक रविवारी दुपारी आले आणि रविवारी कुकर बंद असतो.

अडचण काय होती

वास. एवढंच म्हटलं तर खूप कमी सांगितल्यासारखं होतं. सोसायटीतल्या एका ताईंनी मला पहिल्या भेटीत सांगितलं की त्यांची मुलगी सकाळी शाळेत जायच्या आधी उलटी करते, पाहुणे आले की खिडक्या लावून बसावं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाला सांगितलं की समोरचा म्हणतो आत्ता तर येत नाहीये. हे मला फार लागलं. वासाचा त्रास दाखवता येत नाही, फोटो काढता येत नाही.

कंप्लेंटी गेल्या होत्या. तपासणीही झाली होती, एकदा नाही तीनदा, आणि तिन्ही वेळा साहेब सकाळी अकरा-साडेअकराला आले. तोवर ऊन तापलेलं, हवा हललेली, वास गेलेला. रिपोर्टमध्ये काही विशेष नाही. लोकांना वाटलं पैसे खाल्ले. मला तसं वाटत नाही, वेळ चुकीची होती एवढंच, पण अविश्वास तिथून बसला तो बसलाच.

कारखान्याचे शेठ, म्हणजे त्या पहिल्या व्यापाऱ्याच्या पुढच्या पिढीतले, त्यांचं एकच वाक्य होतं की आम्ही आधी आलो. ते खरं होतं. पण त्याने मुलीची उलटी थांबत नव्हती. आणि शेठना स्वतःला एक गोष्ट खरंच समजत नव्हती, जी आम्हालाही बरेच महिने समजली नाही : कुकर तेच, बॉयलर तोच, माणसं तीच, मग वास गेल्या काही वर्षांतच एवढा का वाढला? लोक म्हणत शेठ माजला. खरं कारण मालात होतं. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्याने खाटकाकडून येणारा ताजा हाडाचा माल घटला. त्याच काळात शहरात चिकनची दुकानं वाढत गेली, आणि कारखाना चालू ठेवायला शेठनी चिकन वेस्ट घ्यायला सुरुवात केली. हा माल ओला असतो, आतडी असतात, उन्हाळ्यात काही तासांत फसफसतो. आणि पिसांत केराटीन नावाचं प्रथिन असतं, त्यात गंधक भरपूर, शिजवताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन हे गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याचा वास म्हणतो तो हाच, आणि माणसाच्या नाकाला तो अब्जात काही भाग एवढा कमी असला तरी कळतो. म्हणजे नाव तेच राहिलं, कारखाना आतून वेगळा झाला होता, आणि कुणी बसून याचा विचार केला नव्हता.

पहिला निर्णय : वही ठेवायची

मला बोलावलं तेव्हा सोसायटीचा विचार सरळ कोर्टात जायचा होता. मी म्हटलं जा, पण पुरावा काय नेणार? मग ठरलं की वीसेक घरांनी वही ठेवायची. रोज नाही लिहायचं, वास आला की लिहायचं : तारीख, वेळ, वारा कुठून, आणि वास कसा. सुरुवातीला सगळे "घाण" एवढंच लिहायचे. मग एका आजींनी शब्द शोधला, त्यांनी लिहिलं आज सडका, काल करपट. तिथून आम्ही सगळ्यांना या दोनपैकी काय ते लिहायला सांगितलं.

दोन महिन्यांनी वह्या एकत्र केल्या तर चित्र साफ होतं. सडका वास पहाटे चार ते आठ. करपट वास रात्री नऊनंतर. दिवसा जवळपास काही नाही. आणि पावसाळ्यात सोसायटीला त्रास कमी, कारण पश्चिमेचा वारा वास शेतांकडे नेतो, दिवाळीनंतर वारा फिरला की सुरू.

पहाटेचं कारण निफाडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात तेव्हा धूर वर जात नाही, बागेवर चादरीसारखा पसरून राहतो, म्हणून तर शेकोटी करतात. जमिनीलगतची हवा गार, वरची गरम, झाकण बसल्यासारखं होतं. हाडकी खोलगट आहे, नाल्याच्या कडेला. रात्रभर यार्डात पडलेल्या मालाचा वास तिथेच साचायचा आणि पहाटे हळूहळू नाल्याच्या अंगाने सोसायटीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. सातव्या मजल्यावरचे लोक म्हणायचे आम्हाला तर काही येत नाही, त्यावरून सोसायटीतच भांडणं झाली होती.

म्हणजे एक कारखाना, दोन वास, दोन कारणं. सडका वास कच्च्या मालाचा, करपट वास कुकरच्या वाफेचा. आम्ही तोपर्यंत चिमणीबद्दलच बोलत होतो आणि चिमणीचा पहाटेच्या वासाशी काही संबंध नव्हता.

पर्याय काय होते

कारखाना बंद करणं किंवा हलवणं हा सगळ्यांच्या तोंडी पहिला. हलवायचा कुठे? असे उद्योग प्रदूषण मंडळाच्या यादीत लाल गटात, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या गटात येतात, नवीन संमती, नवीन जागा, आणि जिथे जाणार तिथल्या गावाने का घ्यावा. मी दोन-तीन ठिकाणी नुसता विषय काढून बघितला, ग्रामसभेतच संपला.

सुगंधी फवारा. हा शेठनी आम्हाला न विचारता करून टाकला. कुणीतरी सेल्समनने गळ्यात मारला, कुंपणाला नोझल लावून गुलाब-लिंबू वासाचं पाणी उडवायचं. सडलेल्यावर गुलाब, तो वास मूळ वासापेक्षा भयंकर होता. पैसे गेले ते गेले, पण सोसायटीला वाटलं हा आपल्याला मूर्ख बनवतोय. माझ्या मते या प्रकरणातली शेठची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

चिमणी उंच करणं स्वस्त वाटतं, पण झाकण बसलेल्या हवेत उंच चिमणीचाही भरवसा नाही आणि यार्डाचा वास चिमणीतून जातच नाही.

स्क्रबर, म्हणजे वासाची हवा कॉस्टिक आणि हायपोक्लोराइटच्या पाण्यातून धुऊन काढायची. काम करतो, पण रोज केमिकल लागतं आणि ऑपरेटर लक्ष देणारा लागतो. बायोफिल्टर, म्हणजे लाकडाच्या ढलप्या, काथ्या, कंपोस्ट यांचा मीटरभर थर, ओलसर ठेवायचा, त्यातून हवा सोडली की जिवाणू वासाचे पदार्थ खातात. स्वस्त, पण जागा खातो. कुकरची वाफ मात्र कुठल्याही फिल्टरला थेट द्यायची नसते, ती फार गरम आणि फार ओली. ती आधी कंडेन्सरमध्ये थंड करून पाणी करायची आणि जो गॅस पाणी होत नाही तो बॉयलरच्या भट्टीत जाळायचा. कुकर चालू असतो तेव्हा वाफेसाठी बॉयलर चालूच असतो, म्हणून हे जमतं.

आणि जनावरं पुरणं. हे बोलायला सोपं. २०२२ ला लंपीच्या साथीत पुष्कळांनी केलंय, त्यांना विचारा. आठ फूट खड्डा, चुना, विहिरीपासून लांब. आपल्याकडे तीन-चार फुटांवर मुरूम लागतो, खाली खडक. जेसीबी बोलवावा लागतो, आणि ज्याची म्हैस मेलीय त्याचं आधीच नुकसान झालेलं असतं.

दुसरा निर्णय : टेम्पो अडवले

फवाऱ्यानंतर सोसायटीतले आणि गावातले तरुण चिडले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी कारखान्याचा रस्ताच अडवला. मी विरोध केला नाही. मला वाटलं दबाव आला तर शेठ टेबलावर येतील. या निर्णयाबद्दल मी बराच विचार केलाय आणि आजही मला तो टोचतो.

आठवडाभर टेम्पो आत गेले नाहीत. पण जनावरं मरायची थांबत नाहीत. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या वाडीवरची म्हैस रात्री मेली तर तिला उचलायला येणारं या टेम्पोशिवाय कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी नाल्यात एक म्हैस दिसली. पाचव्या दिवशी अजून दोन गाई आणि चिकन वेस्टची पोती, तीही पुलाखाली. हाच नाला पुढे गोदावरीला मिळतो. कुत्र्यांच्या टोळ्या जमल्या, शाळेत जाणाऱ्या एका मुलाला कुत्रं चावलं. एका शेतकऱ्याने गाय बांधावर उथळ पुरली, कुत्र्यांनी ती उकरली, आणि तिथून विहीर हाकेच्या अंतरावर. जे कारखाना बंद करा म्हणत होते त्यांच्यातल्याच एकाचा तो बांध होता.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कारखान्याच्या आत नीट फिरलो, कारण काम बंद होतं आणि कामगार बसून होते. यार्डात मामा भेटले. त्यांना मी वह्यांचं सांगितलं, सडका पहाटे, करपट रात्री. ते म्हणाले हे तर आम्हाला माहितीच आहे. ताजं ढोर लगेच कुकरला लागलं तर वास कमी येतो, थांबलेलं ढोर वास मारतं, आणि आमच्याकडे आता सगळंच थांबतं. का थांबतं ते त्यांनी बोटावर मोजून सांगितलं : टेम्पो भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून दुपारी मेलेलं जनावर रात्री उचललं जातं. चिकनवाले दुकान बंद करताना वेस्ट देतात, ते रात्री अकराला येतं. आणि कुकरची पाळी संध्याकाळी चालू होऊन रात्री संपते, म्हणजे रात्री अकराचा माल दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पडून. अख्खी गोष्ट त्या पाच मिनिटांत होती.

मी विचारलं हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं. तर त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मीटिंगा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होत होत्या, तिथे शेठ यायचे, सोसायटीची कमिटी यायची, मी जायचो. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत पिढ्यान्पिढ्या तो वास सगळ्यात जास्त सहन करणारी माणसं राहतात आणि त्यातलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. ज्यांच्या आजोबांवर हे काम लादलं गेलं त्यांनाच या कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काय केलं

अडवणूक सुटली ती नाल्यातल्या म्हशीमुळे, आमच्या समजूतदारपणामुळे नाही. पुढची मीटिंग वस्तीतल्या समाजमंदिरात झाली, मामा आणि दोन ड्रायव्हर हजर. शेठ म्हणत होते आधी स्क्रबर लावतो, तो लोकांना दिसेल. मी म्हटलं आधी वेळापत्रक, मशिनरी नंतर. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं.

कुकरची पाळी बदलली. रात्रीचा चिकनचा माल आला की तो रात्रीच कुकरला लागणार, यार्डात पहाटेपर्यंत काही ठेवायचं नाही, रोज रात्री यार्ड गरम पाण्याने धुवायचं. रात्रपाळीचा जादा भत्ता मामांनी भांडून घेतला आणि तो शेठनी दिला. टेम्पो अर्धा भरला तरी निघणार. प्रत्येक खेपेच्या चिठ्ठीवर एक नवा कॉलम आला, जनावर कधी मेलं. तो ड्रायव्हरने मालकाला फोनवर विचारून भरायचा, आणि त्याच फोनवर अजून एक प्रश्न, अचानक मेलं का आणि नाका-गुदातून न गोठलेलं रक्त येतंय का. तसं असेल तर फाशीचा, म्हणजे ॲन्थ्रॅक्सचा संशय, ते जनावर फाडायचं नाही, उचलायचंही नाही, आधी सरकारी पशुवैद्यक. हाच रोग माणसाला झाला की काळपुळी म्हणतात. इतकी वर्षं हे लोक हातमोज्याशिवाय काम करत होते आणि हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, हे लिहिताना मला राग येतो.

मग मशिनरी. कंडेन्सर बसला, उरलेला गॅस बॉयलरच्या भट्टीत. बॉयलर पांढऱ्या कोळशावर म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या ब्रिकेटवर चालतो, त्यात काही बदल लागला नाही. यार्डाला भिंती आणि शटर लावून आतली हवा पंख्याने ओढून बायोफिल्टरला दिली, त्यात लाकडी ढलप्या आणि काथ्या. स्क्रबरचे पैसे वाचले.

निकाल

पाळी बदलल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच सडका वास वह्यांमध्ये कमी झाला, तेव्हा अजून एकही मशीन बसलं नव्हतं. ताईंच्या मुलीची उलटी थांबली. करपट वास कंडेन्सर बसेपर्यंत तसाच होता, नंतर तोही गेला, अगदी गेला नाही पण क्वचित.

नवीन त्रासही आले आणि ते सांगायला पाहिजेत. जी वाफ आधी हवेत जात होती ती आता पाणी होऊन ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये यायला लागली, अमोनियाने भरलेली. वास हवेतून पाण्यात गेला. महिनाभरात ईटीपीची टाकी काळी पडली आणि आम्ही जिथे होतो तिथेच परत आलो असं वाटलं. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर वाढवावे लागले. पाणी नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, शेताला द्यायचं तर १००, आणि सुरुवातीचे नमुने त्याच्या जवळपासही नव्हते. हे मला आधी कळायला हवं होतं, माझ्याच विषयातली गोष्ट होती. आणि एप्रिलमध्ये बायोफिल्टर वाळला, थराला भेगा पडल्या, हवा भेगांतून सरळ बाहेर. एका पहाटे सोसायटीचे पंचवीस-तीस लोक गेटवर. आता ठिबकच्या नळ्या टाकल्यात, द्राक्षबागेतल्याच जुन्या.

कडाक्याच्या थंडीत चार-सहा पहाटा अजूनही वाईट जातात. काही कुटुंबं फ्लॅट विकून गेली. काही जण अजूनही म्हणतात कारखाना जायलाच पाहिजे आणि त्यांना चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही, त्यांनी आयुष्याची कमाई त्या फ्लॅटमध्ये घातलीय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात आत जाऊन मालाची वाट बघायला हवी होती, कुठून निघतो, कुठे थांबतो, कुकरला कधी लागतो. मी बाहेरून नाक लावून बसलो. वह्यांचा उपयोग झाला, पण वह्यांनी दोन महिन्यांत जे सांगितलं ते मामांनी पाच मिनिटांत सांगितलं होतं. वह्या कशासाठी लागल्या तर शेठना आणि साहेबांना पटवायला. पुढच्या तपासणीला वह्या दाखवल्या तेव्हा अधिकारी पहाटे साडेपाचला आले आणि स्वतःच्या नाकाने घेऊन गेले.

चिकन वेस्ट सुरू केलं तेव्हा शेठनी थांबून विचार करायला हवा होता. धंदा वाचवायला माल बदलला, त्यात गैर नाही, पण माल बदलला म्हणजे कारखाना बदलला, आणि जुन्या यार्डात नवा माल तसाच टाकत राहिले.

टेम्पो अडवायच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता की हा आठवडा मेलेलं जनावर जाणार कुठे. तो कुणीच विचारला नाही.

आणि मीटिंगची जागा. ती पहिल्यापासून समाजमंदिरात असती तर निदान एक हिवाळा वाचला असता.

मामा गेल्या वर्षी रिटायर झाले. चिठ्ठीवरचा कॉलम आता त्यांचा पुतण्या भरतो, तो टेम्पोवर आहे. शेठच्या मुलाला कारखान्यात रस नाही. २०२७ च्या कुंभासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत, आमच्या बाजूच्या जमिनीचे भाव चढलेत, आणि हाडकीच्या गटासाठी एक बिल्डर दोनदा येऊन गेलाय. मुलाने मला कागद बघायला दिले होते. त्यात पार्किंग आहे, गार्डन आहे, ओपन जिम आहे. वाडीवरची म्हैस रात्री दोनला मेली तर कुणाला फोन करायचा ते मी शेठच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला बघू.